भागाकाराची रीत : पायरीपायरीने व समजून

बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार या अंकगणिताच्या चार मूलक्रिया होत. त्यांपैकी भागाकार सर्वांत शेवटी शिकवला जातो, आणि सर्वांत अधिक मुले अडखळतात ती याच क्रियेत. त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. भागाकाराच्या एकाच उदाहरणात पाढा आठवावा लागतो, गुणाकार करावा लागतो, वजाबाकी करावी लागते आणि या सर्वांचा क्रमही सांभाळावा लागतो. पहिल्या तीन क्रियांपैकी कोणतीही एक कच्ची राहिली, तर तिचा कच्चेपणा या चौथ्या क्रियेत हटकून प्रकट होतो.

ही अडचण किती व्यापक आहे याची कल्पना 'असर' या पाहणीवरून येते. ग्रामीण भारतात घरोघर जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासण्याची ही पाहणी २००५ साली सुरू झाली. तीत गणिताची सर्वांत वरची पायरी म्हणून तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण दिले जाते. इयत्ता पाचवीच्या मुलांपैकी ते उदाहरण २०१८ साली सुमारे २८ टक्के मुलांना सोडवता आले. महासाथीच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ साली हे प्रमाण सुमारे २६ टक्के भरले, आणि २०२४ साली ते सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत वाढले. आठवीच्या वर्गातही २०२४ साली निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ४६ टक्के मुलांनाच हे उदाहरण जमले.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. अपूर्णांक, दशांश, सरासरी, गुणोत्तर, शेकडेवारी व व्याज हे सर्व विषय भागाकाराच्या पायावर उभे आहेत. ज्या मुलास पाचवीत भागाकार उमगला नाही, त्यास सहावीपासूनचे गणित परक्या भाषेसारखे वाटू लागते. पुढे व्यवहारातही त्याची अडचण होते. अर्धा किलोचे पुडके स्वस्त की दोन किलोचे, ठरलेली मजुरी तासाला किती पडली, कर्जाचा हप्ता कसा बसला, या गोष्टींसाठी त्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते.

बंगळूरमधील एक प्रयत्न

बंगळूर हे नगर आज संगणकाच्या उद्योगाकरिता जगभर ओळखले जाते. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने तेथे आपले संशोधन व रचना केंद्र उघडले आणि पुढील काही दशकांत त्या क्षेत्रातील अनेक कंपन्या तेथे आल्या. ज्या नगरात कोट्यवधी आकडेमोडी क्षणार्धात करणाऱ्या यंत्रांची रचना होते, त्याच नगरात व त्याच्या आसपासच्या खेड्यांत मुलांना साधा भागाकार कसा शिकवावा या प्रश्नावरही परिश्रम झाले आहेत.

२००० साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या 'अक्षरा फाउंडेशन' या संस्थेने कर्नाटक शासनाच्या सहकार्याने सरकारी प्राथमिक शाळांसाठी 'गणित कलिका आंदोलन' हा उपक्रम चालवला. 'कलिका' या शब्दाचा अर्थ मराठी वाचकास 'कळी' असा वाटेल. परंतु कन्नड भाषेत तो शब्द 'शिकणे' या अर्थी योजतात. या उपक्रमात वर्गाला साहित्याचा एक संच दिला जातो. त्यात मणी सरकवण्याची चौकट, एकक-दशक-शतक दाखवणारे ठोकळे, खेळातील नोटा व नाणी, अपूर्णांकाच्या पट्ट्या अशा वस्तू असतात. मुले लहान गटांत बसून त्या हाताळतात. त्याच उपक्रमात ग्रामपंचायतीच्या पातळीवर गणिताच्या स्पर्धा भरवल्या जातात, म्हणून आपले मूल गणितात कोठे आहे हे आईवडिलांसही कळते.

या पद्धतीमागील विचार असा की, मुलाने आधी वस्तू हाताळावी, मग तिचे चित्र काढावे आणि त्यानंतरच अंकांकडे यावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात ज्ञानाचे असेच तीन प्रकार सांगितले होते: कृतीतून, प्रतिमेतून व चिन्हांतून येणारे. तथापि हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, ठोकळ्यांचा संच वर्गात पोहोचला म्हणजे भागाकार पोहोचला असे होत नाही. वस्तूवर केलेली प्रत्येक कृती कागदावरील कोणत्या अंकाशी जुळते, हे मुलास दिसले तरच त्या वस्तूचा उपयोग. ही जुळणी कशी करावी ते एका उदाहरणाने पाहू.

आठशे पंच्याहत्तर रुपयांची वाटणी

समजा, ८७५ रुपये ७ मुलांत सारखे वाटावयाचे आहेत. मेजावर शंभराच्या ८ नोटा, दहाच्या ७ नोटा व एक रुपयाची ५ नाणी ठेवावीत.

प्रथम शंभराच्या नोटा घ्याव्यात. ८ नोटा ७ जणांत वाटल्या तर प्रत्येकास १ मिळते. ७ नोटा संपतात व १ उरते. ती एक नोट फाडून सात तुकडे करता येत नाहीत. म्हणून ती पेढीत देऊन तिच्या बदली दहाच्या १० नोटा आणाव्यात. आधीच्या ७ मिळून आता दहाच्या १७ नोटा झाल्या.

या १७ नोटा वाटल्या तर प्रत्येकास २ मिळतात. सात दुणे चौदा संपतात व ३ उरतात. त्या तीन नोटांचे ३० रुपये सुटे करून घ्यावेत. आधीच्या ५ नाण्यांसह ३५ नाणी झाली. सात पाचे पस्तीस. प्रत्येकास ५ नाणी मिळतात व काही उरत नाही.

प्रत्येकाच्या हाती शंभराची १, दहाच्या २ व एक रुपयाची ५, म्हणजे १२५ रुपये आले. जे हाताने केले तेच आता कागदावर लिहावयाचे आहे. ८ शतकांना ७ ने भागून शतकाच्या स्थानी १ लिहिला. ७ वजा केले, १ उरला. शेजारचा ७ खाली उतरवला आणि १७ झाले. येथे बहुतेक मुलांस वाटते की, ७ हा अंक केवळ नियम म्हणून खाली आणावयाचा असतो. प्रत्यक्षात ती नोट मोडण्याचीच क्रिया आहे: उरलेल्या १ शतकाची १० दशके झाली व त्यांत मूळची ७ दशके मिळाली. ज्याने नोट मोडली आहे त्यास 'खाली उतरवणे' याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

डावीकडून आरंभ का

चौकस मूल येथे एक प्रश्न हमखास विचारते. बेरीज, वजाबाकी व गुणाकार उजवीकडून, म्हणजे एककापासून करतात. मग भागाकारच डावीकडून का? हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर 'अशी रीत आहे' असे देऊ नये. उलट मुलांस उजवीकडून वाटणी करून पाहू द्यावी.

५ नाणी ७ जणांत वाटता येत नाहीत. ती तशीच राहतात. दहाच्या ७ नोटा एकेक करून संपतात. शंभराच्या ८ पैकी ७ संपतात व १ उरते. ती मोडून दहाच्या १० नोटा आणल्या की पुन्हा दशकांची वाटणी करावी लागते. त्यांतील ३ उरल्या की त्या मोडून पुन्हा एककांची वाटणी करावी लागते. उत्तर १२५ हेच येते, पण दशक व एकक या स्थानी दोनदा जावे लागते आणि आधी लिहिलेले अंक खोडावे लागतात. मोठी नोट मोडून लहान नोटा मिळतात, म्हणून मोठ्यापासून लहानाकडे गेले तर एकाच फेरीत काम होते. एवढे समजले की डावीकडून चालण्याची रीत मुलास पाठ करावी लागत नाही; ती त्यास सोयीची म्हणून पटते.

चार पायऱ्या व चुकीचा पत्ता

सर्व भागाकार चार पायऱ्यांच्या आवर्तनाने होतो. भाग लावणे, गुणाकार करणे, वजा करणे व पुढचा अंक खाली उतरवणे. आणि अंक संपेपर्यंत पुन्हा तेच. भागाकाराचा अंक काही पुस्तकांत भाज्याच्या उजवीकडे लिहितात, काहींत भाज्याच्या डोक्यावर. आरंभीच्या विद्यार्थ्यास दुसरी मांडणी अधिक हितकर ठरते, कारण शतकाच्या वर शतक व दशकाच्या वर दशक येते आणि कोणते स्थान मोकळे राहिले ते तत्काळ दिसते.

या मांडणीचा मोठा गुण असा की, मधले सर्व काम कागदावर शिल्लक राहते. प्राचीन भारतीय गणक पाटीवर धूळ पसरून तीवर आकडे लिहीत व काम पुढे सरकेल तसे पुसत जात. अंकगणितास 'पाटीगणित' हे नाव त्यावरूनच पडले. सह्याद्रीच्या परिसराशी नाते सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात भागाकाराचा नियम दिला आहे. भाजकास ज्या संख्येने गुणले असता तो भाज्याच्या सर्वांत वरच्या स्थानापासून वजा होऊ शकतो, ती संख्या हे फळ, असा त्याचा आशय. शक्य असेल तेव्हा भाज्य व भाजक यांस आधी एकाच संख्येने भागून लहान करावे, अशी सूचनाही तेथे आहे. डावीकडून चालणारी हीच रीत अरबी गणितज्ञांच्या ग्रंथांतून युरोपात पोहोचली. कागदावर आकडे पुसता येत नसल्याने तेथे ते खोडून वर-खाली लिहीत. मधल्या वजाबाक्या एकाखाली एक स्वच्छ राखणारी आजची मांडणी छापील स्वरूपात प्रथम १४९१ साली फ्लॉरेन्स येथील कालांद्री यांच्या अंकगणितात आढळते.

कागदावर राहिलेले हे काम शिक्षकास फार उपयोगी पडते. नुसते उत्तर चुकले एवढेच पाहून फुली मारली तर मुलास काही कळत नाही आणि शिक्षकासही नाही. परंतु मांडणी वाचली तर चुकीचा पत्ता सापडतो. १७ मध्ये ७ चा भाग एकदाच लावून १० बाकी ठेवली असेल, तर बाकी भाजकाहून लहान असली पाहिजे हे मुलास उमगलेले नाही. सात दुणे बारा लिहिले असेल, तर भागाकार नव्हे, पाढा पक्का करावयास हवा. गुणाकार बरोबर असून पुढची बाकी चुकली असेल, तर अडचण वजाबाकीची आहे. एकाच चुकीच्या उत्तरामागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे आहे.

शून्याची जागा

सर्वांत अधिक आढळणारी चूक शून्याची होय. ६१८ ला ६ ने भागावयाचे आहे. ६ शतके ६ जणांत वाटली, प्रत्येकास १. आता दहाची एकच नोट आहे. ती कोणासही देता येत नाही. पुष्कळ मुले येथे काही न लिहिता ८ खाली उतरवतात, १८ ला ३ चा भाग लावतात आणि उत्तर १३ असे लिहितात.

नोटांची भाषा येथेही साहाय्यास येते. दहाच्या किती नोटा मिळाल्या? एकही नाही. 'एकही नाही' हे सांगण्यासाठीच शून्य आहे, म्हणून दशकाच्या स्थानी ० लिहावयाचे. मग ती नोट मोडून १८ नाणी होतात व प्रत्येकास ३ मिळतात. उत्तर १०३. भागाकार करण्यापूर्वी अदमास घेण्याची सवय लावली, तर ही चूक मूल स्वतःच पकडते: सहाशेंहून अधिक रुपये सहा जणांत वाटले असता प्रत्येकास शंभराहून कमी कसे मिळतील?

भाजक दोन अंकी असता

भाजक दोन अंकी झाला की नवी अडचण उभी राहते. २३ चा पाढा पाठ नसेल तर भाग किती लावावा? जुन्या मराठी शाळांत तिसापर्यंतचे पाढे आणि पावकी, निमकी, पाउणकी मुखोद्गत असत. त्यामुळे हा प्रश्न क्वचित पडे. आज अदमासाने वाट काढावी लागते.

१९५५ ला २३ ने भागावयाचे आहे. १९ मध्ये २३ चा भाग जात नाही, म्हणून १९५ दशके घ्यावीत. २३ च्या जागी क्षणभर २० धरले तर ९ चा भाग लागेलसे दिसते. परंतु २३ गुणिले ९ म्हणजे २०७. ते १९५ हून अधिक झाले. म्हणून एक पाऊल मागे येऊन ८ घ्यावेत. २३ गुणिले ८ म्हणजे १८४, बाकी ११. शेवटचा ५ उतरवला की ११५ होतात, आणि २३ पंचे ११५. उत्तर ८५. भाग आधी मोठा लागून मागे यावे लागले, याची मुलास लाज वाटू नये. अदमास घेणे, तपासणे व सुधारणे हा या रीतीचाच एक भाग आहे.

ज्या मुलास हे अद्याप जड जाते, त्याने मोठमोठे वाटे काढून तेच उत्तर मिळवावे. २३ चे ५० पट ११५०. ते १९५५ मधून काढले की ८०५ उरतात. २३ चे ३० पट ६९०. ते काढले की ११५ उरतात. २३ चे ५ पट ११५. काही उरत नाही. ५०, ३० व ५ मिळून ८५. या मांडणीत ओळी अधिक लागतात, परंतु प्रत्येक टप्प्यावर मूल संपूर्ण संख्येशी व्यवहार करते. पुढे तेच मूल आपण होऊन आखूड रीतीकडे वळते.

यंत्राचा विसरलेला पाढा

यंत्रेही भागाकार अशाच पायऱ्यांनी करतात, आणि पाढा कच्चा असल्यास त्यांचेही उत्तर चुकते. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांस इंटेल कंपनीच्या पेंटियम या संगणक-चकतीच्या भागाकारात दोष आढळला. भाग किती लावावा हे ती चकती आत साठवलेल्या एका कोष्टकावरून ठरवी. त्या कोष्टकात १,०६६ नोंदी असावयास हव्या होत्या. त्यांतील ५ राहून गेल्या होत्या. त्यामुळे ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८ ऐवजी १.३३३७ असे उत्तर मिळे. बहुतेक भागाकार बरोबर येत, म्हणून दोष सहज ध्यानात येत नसे. तो निस्तरण्यासाठी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरची तजवीज केली. रीत निर्दोष असूनही कोष्टकातील पाच उणिवांनी एवढा घोटाळा केला. म्हणून रीत समजली तरी पाढे पाठ असण्याची आवश्यकता संपत नाही, हे मुलांस अवश्य सांगावे.

बाकीचा अर्थ

भागाकार झाल्यावर जे उरते त्याचा विचार बहुधा राहून जातो. बंगळूरच्या कस्तुरबा मार्गावर १९६२ साली उघडलेले विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय पाहण्यास २५० विद्यार्थ्यांना न्यावयाचे आहे आणि एका बसमध्ये ४८ जागा आहेत, असे समजा. २५० भागिले ४८ म्हणजे ५, बाकी १०. बस किती लागतील? ५ असे उत्तर दिले तर दहा मुले शाळेतच राहतील. उत्तर ६ हे होय.

त्याच २५० वह्यांचे ४८-४८ चे गठ्ठे बांधावयाचे असतील, तर पूर्ण गठ्ठे ५ होतील व १० वह्या सुट्या राहतील. आणि २५० रुपये ४८ जणांत वाटावयाचे असतील, तर उरलेल्या १० रुपयांचे १,००० पैसे करून वाटणी पुढे चालवता येते: प्रत्येकास ५ रुपये २० पैसे मिळून ४० पैसे उरतात. आकडे तेच असता बाकीचा अर्थ तीन ठिकाणी तीन प्रकारचा झाला. तिसऱ्या उदाहरणात तर मूल नकळत दशांश अपूर्णांकांच्या दाराशी येऊन उभे राहते.

शेवटी ताळा. भाजकास भागाकाराने गुणून बाकी मिळवली की भाज्य परत आले पाहिजे: ४८ गुणिले ५ म्हणजे २४०, अधिक १० म्हणजे २५०. ज्यास ताळा करता येतो त्यास आपले उत्तर बरोबर की चूक हे विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही.

बंगळूर येथे १९२९ साली जन्मलेल्या शकुंतला देवी यांनी १९८० साली लंडनमध्ये दोन तेरा-अंकी संख्यांचा गुणाकार मनातल्या मनात २८ सेकंदांत केला. अशी बुद्धी क्वचित कोणास लाभते, आणि ती शिकवता येत नाही. पायरीपायरीच्या रीतीचे मोल याच्या अगदी उलट आहे. तिला विलक्षण स्मरण लागत नाही, वेग लागत नाही. एक लहान प्रश्न सोडवून पुढच्या लहान प्रश्नाकडे जाण्याचा धीर मात्र लागतो. नोट का मोडली, शून्य का लिहिले व बाकीचे काय करावयाचे, हे ज्या वर्गात मुलांना विचारले जाते व सांगू दिले जाते, त्या वर्गात शेवटच्या बाकावरचे मूलही ही रीत आपलीशी करू शकते.